सुई टोचताना हात कुणाचा? इंदूरच्या एका एनआयसीयूबद्दल

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची टोचाटोची टळत नाही. साखर बघायला टाच, सलाइनला शीर, दुधासाठी नाकातून नळी. इंदूरच्या या खासगी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, अशा वेळी आईबाबांना बाहेर पिटाळत नाहीत, बाळाला हातांनी धरून ठेवायला आत बोलावतात. त्याचे पैकीच्या पैकी गुण.

शिकवतातही नीट. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, कोपरापर्यंत हात धुवा, तळवे चोळून उबदार करा. बाळाला कुशीवर घेऊन एक तळवा डोक्यावर टोपीसारखा ठेवायचा, दुसऱ्याने पाय दुमडून पोटाशी धरायचे, बाळाच्या मुठी तोंडाजवळ. टोचण्याआधी दोन-तीन मिनिटं हे सुरू करायचं. बिनसतं ते शेवटी. कापूस दाबला की लोक हात उचलतात आणि बाळ हातपाय फेकून रडू लागतं. अंग सैल पडेपर्यंत हात तिथेच हवा, आणि अगदी स्थिर. आज्यांना हे पटत नाही, त्यांचा हात थोपटायला शिवशिवतो. पण इतक्या लहान बाळाला हलका, सरकता स्पर्श बोचतो, ठाम टेकलेला तळवा सोसतो. मान पुढे वाकून श्वास अडत नाही ना, यावर सिस्टरची नजर असते.

जोडीला 24 टक्के सुक्रोजचे, म्हणजे साखरेच्या पाण्याचे, एक-दोन थेंब जिभेवर, दोन मिनिटं आधी. कपाळाची आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकाशेजारची घडी, नाडी आणि ऑक्सिजन बघून वेदनेचे गुणही मांडतात. 12 च्या वर गेले, तर नुसत्या हाताने भागलेलं नाही.

डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीतही तसंच. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांना ती लागतेच. पापण्या फाकवणाऱ्या चिमट्यापुढे हात अपुरा पडतो, बधिर करणारे थेंब हवेतच. ते इथे घालतात. पण डॉक्टर घाईत असले की थेंब चढायची वाट कोण बघतो!

खरी रड रात्रपाळीची. सिस्टर एकटी, आई वरच्या मजल्यावर, बाळ उघडं-उताणं. त्यात टाच गार असली की रक्त येत नाही, मग पिळापिळी. पिळण्याचं दुखणं टोचण्याला मागे टाकतं, शिवाय रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं. आधी कोमट शेक दिला, तर हे सगळं वाचतं. दुसरा माणूस नसेल तर निदान टॉवेलच्या गुंडाळीचं घरटं करून बाळाला त्यात दुमडून ठेवता येतं. दिवसा करतात की!

भरती करताना बेडचा दर सगळेच विचारतात. रात्री टोचायच्या आधी आईला उठवणार का, तेही विचारा, आणि फाइलवर लिहून घ्या.