नॉर्थ सीमधल्या हिवाळ्यासाठी ६/५/४ हूडेड वेटसूट, बूट आणि ग्लोव्ह्ज : अख्खा सीझन वापरल्यानंतर

ऑक्टोबर ते एप्रिल असा पूर्ण सीझन हा सेट वापरून झाला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आधी माझी माहिती देते, कारण कोण, कुठे आणि किती थंड पाण्यात हे कळल्याशिवाय वेटसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या अंगाला घट्ट रबरी सूटच्या, रिव्ह्यूला काही अर्थ नसतो. मी इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकासलला राहते, सर्फिंग टाइनमथच्या लाँगसँड्स बीचवर, कधीमधी सॉल्टबर्नला. उंची पाच फूट एक इंच, अंगाने भरलेली, आणि घरात सगळ्यांच्या आधी स्वेटर काढणारी. सर्फिंग शिकले गोव्यात अश्वेमला, तिथलं पाणी २७-२८ अंश, लायक्राचा टॉप घातला की झालं, तोही ऊन लागू नये म्हणून. इथे सप्टेंबरात १४ च्या आसपास असलेलं पाणी उतरत उतरत फेब्रुवारी-मार्चमध्ये ५-६ अंशांवर येतं. आणि वर वारा.

मग हिवाळ्यात जायचंच कशाला, असं आई दर रविवारी फोनवर विचारते. तर त्याचं उत्तर असं की उन्हाळ्यात इथला समुद्र बरेचदा तळ्यासारखा सपाट असतो, लाटा येतात त्या उत्तरेकडच्या वादळांमुळे आणि ती येतात हिवाळ्यात. शिवाय पश्चिमेचा वारा सुटला की पूर्व किनाऱ्यावर तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे लाट छान उभी राहते. ज्याला फक्त जुलै-ऑगस्टमध्ये सर्फ करायचंय त्याने बोर्ड भिंतीला टांगला तरी चालेल.

आता सूटचं. ६/५/४ म्हणजे छाती-पाठ ६ मिमी, पाय ५, हात ४. हात पातळ कारण पॅडल करताना, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारत पुढे जाताना, खांदे मोकळे लागतात. दुकानात गेलं की सगळी चर्चा मिमीवर चालते, मीही त्याच आकड्यांचा अभ्यास करून गेले होते, पण सीझन संपताना माझं मत पक्कं झालंय की जाडीपेक्षा फिटिंगला जास्त पैसे आणि जास्त वेळ द्यायला हवा. अंगाला न बसलेला ६ मिमीचा सूट हा चांगल्या बसलेल्या ५/४ पेक्षा गार पडतो. हे मी छातीठोकपणे सांगू शकते कारण हा सूट घ्यायच्या आधीच्या हिवाळ्यात सर्फ स्कूलचा भाड्याचा ५/४ वापरत होते, तो नशिबाने मला अगदी चपखल बसायचा, आणि डिसेंबरात मैत्रिणीचा ६ मिमीवाला एकदा घालून बघितला तो कंबरेत सैल होता, अर्ध्या तासात दात वाजायला लागले.

कारण काय, तर निओप्रीन म्हणजे रबराचा फोम, त्यात वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि ऊब धरून ठेवतात ते बुडबुडे. बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर नावाच्या फिजिसिस्टने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच ओळखलं होतं की माणूस कोरडा राहायची गरज नाही, ऊब मटेरियलमधल्या वायूमुळे राहते. आत शिरलेलं पाणी गरम होऊन आपल्याला ऊब देतं असं जे सगळे सांगतात ते अर्धवट आहे, ते पाणी तापवायला तुमच्याच अंगातली ऊब जाते. थोडं पाणी एकदा शिरलं आणि तिथेच राहिलं तर ठीक, पण सैल सूटमध्ये प्रत्येक डकडाइव्हला, म्हणजे येणाऱ्या लाटेखालून बोर्डसकट बुडी मारताना, जुनं पाणी बाहेर आणि नवं ५ अंशांचं आत, ह्याला इथे सगळे फ्लश म्हणतात. पाठीच्या कण्यावरून ती गार धार खाली गेली की तोंडातून जे शब्द निघतात ते इथे लिहीत नाही.

ट्रायलला काय बघायचं. कंबरेच्या वर पाठीची जी खोलगट जागा असते तिथे कापड चिमटीत येतं का, काखेत घडी पडते का, गुडघ्याच्या मागे लवणीत चुण्या जमतात का. ह्या तीन जागी जागा राहिली तर तिथे पाणी साठणार. दोन्ही हात वर करून बघा, जांघेत सूट खाली लोंबत राहिला तर उंचीला मोठा किंवा नीट वर चढवलेला नाही. उकिडवं बसा. दुकानात गुदमरल्यासारखं झालं पाहिजे, पाण्यात तो जरा सैलावतोच. आणि आपल्यासारख्या बुटक्या लोकांनी शॉर्ट साइझ मागायची, पुरुषांमध्ये मीडियम शॉर्ट वगैरे असतात, बायकांमध्ये ८, १०, १२ ह्यांच्या शॉर्ट असतात. प्रॉब्लेम असा की बायकांच्या जाड सूटमध्ये दुकानं एकदोनच मॉडेल ठेवतात आणि त्यात शॉर्ट नसतंच, मग विक्रेता म्हणतो हा घ्या, पायाकडे थोडा दुमडेल. नका घेऊ. घोट्याकडे दुमडला म्हणजे गुडघ्याचं पॅड पोटरीवर आणि कंबरेत झोळ. मी ऑनलाइन दोन मागवून एक परत केला, ते परवडलं.

ब्रँड विचारू नका, कारण माझ्या छाती-कंबरेच्या मापाला बसलेला ब्रँड तुम्हाला बसेलच असं नाही. मी मागच्या सीझनच्या शेवटी सेलमध्ये २८० पौंडांना घेतला. फीचर मात्र सांगते. चेस्ट झिप आहे, म्हणजे पाठीला झिप नाही, मानेतून आत शिरायचं आणि छातीवर आडवी छोटी झिप. पाठ पूर्ण एकसंध राहते त्यामुळे पाणी कमी शिरतं, पण घालताना-काढताना खांद्यांची कसरत. बॅक झिप सोपी, तरी ५ अंशांत मी नाही घेणार. शिवण ग्लू केलेली आणि ब्लाइंड स्टिच, म्हणजे सुई कापडाच्या आरपार जात नाही, वरून आतल्या बाजूला लिक्विड टेप. फ्लॅटलॉक शिवण दिसली तर तो उन्हाळ्याचा सूट, टाक्याच्या भोकांतून पाणी झिरपतं. छातीवर आणि पाठीवर गुळगुळीत रबर आहे, वरचं कापड नाही, त्यामुळे पाणी ओघळून जातं आणि लाटेची वाट बघत बसलेलं असताना वाऱ्याने गार पडत नाही. हा फरक मला सगळ्यात जास्त जाणवला, कारण सर्फिंगमध्ये निम्मा वेळ आपण नुसते बसलेलो असतो.

पण त्या गुळगुळीत रबराची एक कटकट आहे. नखं. सूट वर ओढताना नखाच्या टोकाने पकडलं की चंद्रकोरीसारखा चिरा पडतो, आधी दिसतही नाही, दोन-तीन वेळा वापरल्यावर तो ताणून तोंड उघडतो. माझ्या डाव्या मांडीवर असा एक आहे. बोटांच्या पेरांनी, बाहेरून चिमटीत धरून, थोडं थोडं वर सरकवायचं. चिरा पडलाच तर वेटसूटचा काळा ग्लू मिळतो, दोन्ही कडांना पातळ लावायचा, चिकट होईपर्यंत थांबायचं, परत एक हात मारायचा आणि मग कडा दाबून धरायच्या. घाईत ओला ग्लू दाबला तर चिकटत नाही. काखेतली आतली टेपसुद्धा फेब्रुवारीत सुटायला लागली होती, कंपनीला फोटो पाठवले, त्यांनी वापराने झालंय म्हणून हात वर केले. चार महिन्यांत वापराने? असो, तीही मीच चिकटवली, अजून टिकून आहे.

पाय घालायची युक्ती आपल्याकडच्या बायकांना वेगळी सांगायला नको, टाइट चुडीदार घालताना पायाला प्लास्टिकची पिशवी घालतो तीच इथेही चालते. पार्किंगमध्ये मला पिशवी काढताना बघून दोन गोऱ्या पोरी हसल्या, पुढच्या शनिवारी त्यांच्याकडेही पिशव्या.

बूट. इथे हात आखडता घेऊ नका. ५ मिमी घेतले होते, डिसेंबरपर्यंत उत्तम, जानेवारीत बोटं बधिर, शेवटी ७ मिमी घेतले. पुढून गोल असलेले घ्या, अंगठा वेगळा असलेले बोर्डवर पकड चांगली देतात पण पाचही बोटं एकत्र राहिली की ऊब टिकते. पावलावर पट्टा हवा, नाहीतर लाटेत बुटाचा फुगा होतो. साइझ घट्ट, बोटांपुढे जागा नको, बाकीच्या बुटांसारखं "मोजा घालायला जागा ठेवू" करू नका. ७ मिमीत बोर्ड पायाखाली कळत नाही हे खरं, पहिले काही दिवस मी उभी राहताना पाय कुठे पडतोय हे खाली बघत होते. आणि बूट आधी, सूटचा पाय बुटावरून खाली. उलटं केलं तर पायावरून ओघळलेलं सगळं पाणी बुटात.

ग्लोव्ह्जबद्दल माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. सगळे ५ मिमी घ्या म्हणतात. मी ३ मिमीचे पाच बोटांचे जानेवारीपर्यंत चालवले कारण जाड ग्लोव्हने पॅडल करताना बोटं पसरायलाही जोर लागतो, कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो आणि थकलेला माणूस लवकर गारठतो. जानेवारीनंतर मात्र लॉबस्टर, म्हणजे बोटं दोन-दोन एकत्र असलेले, ५ मिमी. ते घालून पायाची लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, सोडवता येत नाही, ते घरी चार वेळा करून बघा. मनगट सूटच्या बाहीच्या आत गेलं पाहिजे. एक हात जमतो, दुसरा हात दातांनी ओढून घालायचा, ह्याला पर्याय मला सापडलेला नाही.

हूड सूटलाच जोडलेला आहे. फायदा, मानेत फट नाही. तोटा, ऑक्टोबरात पाणी अजून १२ असतं तेव्हा उकडतं आणि हूड मागे टाकला की पॅडल करताना त्यात पाणी भरून मान मागे ओढतो. म्हणून ऑक्टोबरसाठी माझा जुना ४/३ अजून ठेवलाय. लांब केस असतील तर अंबाडा हूडमध्ये मावत नाही, सैल वेणी घालून पाठीवर सूटच्या आत सोडायची. डोक्याला खोबरेल लावून जाऊ नका, हूडच्या अस्तरात वास बसतो तो जात नाही. हूडमध्ये ऐकू कमी येतं, कोणी ओरडलं तर कळत नाही, म्हणून वळून बघायची सवय लावा. त्यावर मी इअर प्लगही घालते, कारण थंड पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जाऊन कानाच्या नळीत हाड वाढतं, त्याला सर्फर्स इअर म्हणतात, आणि फार वाढलं तर ऑपरेशन करावं लागतं. प्लग स्वस्त पडतात.

एवढं सगळं घालूनही पहिला मिनिट वाईटच असतो. चेहऱ्याला पाणी लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, कोल्ड शॉक म्हणतात तो हाच, ह्यात घाबरून हातपाय मारायचे नाहीत, श्वास ताळ्यावर येईपर्यंत थांबायचं. मी कंबरभर पाण्यात उभी राहून आधी चेहऱ्यावर पाणी मारून घेते. हिवाळ्यात ह्या बीचवर लाइफगार्ड नसतात, डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, तेव्हा एकटं जायचं नाही. आणि बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान थोडा वेळ उतरतच राहतं, त्यामुळे पाण्यात बरं वाटतंय म्हणून "अजून एक लाट" करत बसलेला माणूस पार्किंगमध्ये येऊन थडथडतो. लगेच कडक गरम पाण्याने आंघोळ नको, चक्कर येऊ शकते. आधी ओलं काढा, टोपी घाला, थर्मासमधला चहा. मी दोन थर्मास नेते, दुसऱ्यात कोमट पाणी, सूट काढायच्या आधी ग्लोव्हमध्ये ओतलं की बोटं निदान झिप धरण्याइतकी जिवंत होतात.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. ओला ६ मिमीचा सूट, बूट, ग्लोव्ह्ज मिळून चांगलं वजन होतं, उन्हाळ्याचाच बोर्ड पाण्यात खाली बसल्यासारखा वाटतो. मी हिवाळ्यात जास्त व्हॉल्यूमचा, म्हणजे जास्त तरंगणारा बोर्ड घेते, पॅडल सोपं जातं.

वाळवणं हा इथला खरा छळ. गोड्या पाण्याने धुवायचा, उलटा करून वाळवायचा, आधी आतली बाजू, मग बाहेरची. खांद्यावर बारीक हँगरला टांगला तर पाण्याच्या वजनाने खांदे ताणतात, कंबरेत दुमडून जाड दांडीवर टाकायचा. रेडिएटरवर अजिबात नाही, रबर कडक होतं. फ्लॅटमध्ये दोन दिवस लागतात, बाथरूममध्ये काळं माणूस लटकल्यासारखं दिसतं, नवरा रात्री दोनदा दचकलाय. बूट वाळायला सगळ्यात उशीर, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबते.

खर्च एकूण: सूट २८०, दोन्ही बूट मिळून ९५, दोन्ही ग्लोव्ह्ज ७०, प्लग आणि ग्लू वेगळे. परत घ्यायचं झालं तर ५ मिमीचे बूट गाळून सरळ ७ घेईन, आणि निओप्रीनऐवजी झाडाच्या रबराचा, यूलेक्सचा सूट एकदा घालून बघेन, पॅटागोनिया २०१६ पासून विकतेय, पण त्यात मला बसणारा शॉर्ट साइझ मिळाला तरच. ज्यांना ह्या वर्षी घ्यायचाय त्यांनी जानेवारीत पूर्ण किमतीला घेऊ नका, मार्चच्या शेवटी सेल लागतात, फक्त लहान आणि शॉर्ट साइझ पहिल्या आठवड्यातच उडतात, तेव्हा मापं आधी टेपने घेऊन ठेवा.