सिगारेट कमी करावी की बंदच करावी?

रोजच्या २० सिगारेटींवरून ५ वर आलं की धोकाही पाव झाला, असं अनेकांना वाटतं. हृदयाला हा हिशेब लागू नाही. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो २० ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा भरतो. रक्ताच्या गुठळ्या व्हायला आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडायला थोडा धूरही पुरतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका संख्येबरोबर कमी होतो खरा, पण किती वर्षं ओढली हे तिथे जास्त महत्त्वाचं ठरतं. शिवाय सिगारेटी कमी झाल्या की माणूस नकळत लांब झुरके घेतो आणि थोटकापर्यंत ओढतो.

पूर्ण बंद केल्यास एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्मा होतो. ओढत राहणाऱ्याशी तुलना केली तर फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका दहा वर्षांत निम्म्यावर येतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाहणीत तिशीला सोडणाऱ्यांचं आयुष्य सुमारे १० वर्षांनी वाढलेलं दिसलं, पन्नाशीला सोडणाऱ्यांचं ६ आणि साठीला सोडणाऱ्यांचं ३ वर्षांनी. म्हणजे साठीतही उशीर झालेला नसतो. सीओपीडी या बहुतेकदा धुरामुळे जडणाऱ्या जुनाट फुप्फुसविकारात गेलेली ताकद मात्र पुरती परत येत नाही, पुढची घसरण मंदावते.

कमी करण्याचा एकच उपयोग आम्हाला मान्य आहे: बंद करण्याची तारीख आधी ठरवून, तिथवर पोचायची पायरी म्हणून. तारीख नसेल तर आकडा हळूहळू पुन्हा चढतो.

बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड, झोपमोड हे त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतात, वाढलेली भूक मात्र जास्त काळ टिकू शकते. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्यांसाठी सहसा २१ मिलिग्रॅमचा निकोटिन पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) सहा आठवडे, मग १४ आणि ७ चा दोन-दोन आठवडे असा क्रम असतो. पॅचची जागा रोज बदलावी. अचानक येणाऱ्या तलफेसाठी जोडीला निकोटिन गम घेता येतो, आणि दोन्ही मिळून एकट्या पॅचपेक्षा चांगलं काम करतात. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ चा.

गम फसतो तो चघळण्यात. सतत चावला तर निकोटिन पोटात जाऊन उचकी आणि जळजळ होते, तलफ तशीच राहते. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचा, मग गालात दाबून ठेवायचा. असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं कॉफी किंवा फळांचा रस नको.

सोडल्यावर कॉफी निम्मी करावी, कारण धुरामुळे यकृत कॅफीन झपाट्याने संपवत असतं आणि तो वेग आता उतरतो. थिओफिलिन (दम्याचं औषध) किंवा क्लोझापिन (स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं औषध) चालू असेल तर सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. याच कारणाने त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो.