हरकत की क्षेत्रसभा?

महापालिकेच्या निर्णयात आपले म्हणणे मांडण्याचे दोन मार्ग नाशिककरांना कायद्याने दिलेले आहेत. पहिला मार्ग हरकती व सूचनांचा आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिक ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवू शकतात, आणि नियोजन समितीसमोर सुनावणीही मागू शकतात. या मार्गाचे बळ असे की हरकत नोंदीवर येते आणि पुढे दाद मागायची झाल्यास तोच कागद हाताशी राहतो. मात्र तोवर नकाशावर आरक्षणे, म्हणजे सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जागा, पडलेली असतात. शिवाय सर्व्हे क्रमांक, नकाशा आणि कायद्याची भाषा ज्याला उमगते, त्याचीच हरकत नेमकी उतरते. पंचवटीतल्या भाडेकरूला किंवा सातपूरच्या कामगाराला ती सोय सहसा नसते.

दुसरा मार्ग क्षेत्रसभेचा, म्हणजे प्रभागाच्या एकेका भागातील मतदारांच्या बैठकीचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, आणि महाराष्ट्राने २००९ मध्ये त्याखाली मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद केली. येथे नळ, गटार, पथदिवा अशी कामे ठरण्याआधीच, आणि बोलीभाषेत, मांडता येतात. सभेची शिफारस बंधनकारक नसते, हे तिचे उणे.

तरीही माझा कौल क्षेत्रसभेला आहे, कारण हरकतीत नागरिक झालेल्या निर्णयाला उत्तर देतो, तर सभेत, ती नियमित भरवली गेल्यास, प्रश्नच तो ठरवतो. गोदाकाठच्या मोठ्या आरक्षणासाठी मात्र मी लेखी हरकतच देईन.