सराफ बाजारातली चांदीची मोड: भावाआधी काटा बघा

नाशिकच्या सराफ बाजारात जुनी चांदी मोडीत घालण्याची सोय चांगली आहे. एकाला लागून एक पेढ्या असल्याने दोनतीन ठिकाणी वजन आणि टंच (शंभरात शुद्ध चांदी किती, त्याची तपासणी) करून मगच माल द्यायचं ठरवता येतं. पाचपैकी चार गुण. उरलेला एक गुण हिशेबाच्या बोलण्यात जातो, म्हणून हा खुलासा.

पैसे देणं मुळात तोलण्याशीच बांधलेलं आहे. लॅटिनमध्ये पैसे देण्याला 'पेन्देरे' म्हणतात, आणि त्याचा आधीचा अर्थ आहे तोलणे. नाणी पाडायच्या आधी रोमन लोक तांब्या-काशाचे ओबडधोबड तुकडे तोलून देणं फेडत. खरेदीच्या विधीत पाच साक्षीदार असत आणि तराजू धरायला वेगळा माणूस, 'लिब्रिपेन्स'. या क्रियापदावरून 'पेन्सिओ' आला: हप्ता, भाडं, आणि आपली पेन्शन. 'स्तिप्स' म्हणजे देणगीचं लहान नाणं. ते पुढे जोडून 'स्तिपेन्दिउम' झाला: शिपायाचं वेतन, जिंकलेल्या मुलखावरची खंडणी, शिवाय फौजेतल्या चाकरीचं एक वर्ष. स्टायपेंड तोच. 'पगार' मात्र दुसऱ्या घरचा. तो पोर्तुगीजांकडून आला आणि त्याच्या मुळाशी 'पाकारे', म्हणजे शांत करणे, आहे. देणं मिळालं की सावकार शांत होतो!

मोडीच्या व्यवहारात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. आपला तोळाही तोलण्यातूनच आला. 1835 पासूनचा ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, बरोबर एक तोळा. लक्ष्मीपूजनातले रुपये मोडायचे असतील तर आधी साल वाचा. 1939 पर्यंतच्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी आहे, 1940 पासून निम्मीच, आणि 1947 चा रुपया निकेलचा. सगळे एका ढिगात तोलू देऊ नका.

काट्यावर काही ठेवण्याआधी आकडा शून्य आहे ना ते पाहा. वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का शोधा. काट्याला काचेची पेटी असेल तर ती बंद हवी, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने आकडा हलतो. तोड्यांत लाख भरलेली असते, तिचं वजन चांदीचं नव्हे. ती काढूनच तोला.

खरी गफलत टंचात होते. पैंजणाच्या प्रत्येक कडीला झाळ, म्हणजे सांधा जोडणारा धातू, असते, तिच्यात तांबं आणि जस्त येतं, म्हणून अख्ख्या पैंजणाचा टंच तो ज्या चांदीच्या पट्टीतून घडवला तिच्यापेक्षा खाली उतरतो. एक्स-रे मशीन फक्त वरचा थर वाचतं. मुलामा असेल, किंवा उजाळा देताना पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलं असेल, तर आकडा फुगतो. जाड वस्तूचा भरवशाचा टंच आटवल्यावरच कळतो. आटणी समोर उभं राहून करून घ्या, आणि आटवण्याआधीचं व नंतरचं, दोन्ही वजनं लिहून घ्या. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त असतं.

आता हिशेब. आटवलेली लगड 240 ग्रॅम आणि टंच 65, तर शुद्ध चांदी 156 ग्रॅम. त्यावर कुणी आणखी पाच टक्के 'घट' कापली तर 7.8 ग्रॅम गेले. ही कपात मान्य करू नका. आटणीत जे जळायचं ते जळून झालेलं असतं, उरलेलं टंचाने आधीच वजा केलंय. घट कापायचीच असेल तर ती न आटवलेल्या मालावर, आणि आकडा आधी ठरवून. भाव विचारताना 999 शुद्धतेचा (हजारात 999 भाग चांदी), किलोचा विचारा. 156 ग्रॅमला तोच लागू व्हायला हवा.

पावतीवर एकूण वजन, टंच, शुद्ध ग्रॅम आणि भाव हे चारही आकडे हवेत. नुसती रक्कम लिहिलेली चिठ्ठी घेऊ नका. आणि गोदेला पूर असेल तर त्या दिवशी जाऊच नका, पाणी सराफ बाजारात शिरतं.