नौपाड्यातील दर्शन-परिचय वर्ग : पूर्वपक्षापासून सुरुवात

ठाण्यात निरूपणांची वानवा नाही. चातुर्मासात नौपाड्यापासून पाचपाखाडीपर्यंत कोठे ना कोठे गीता, भागवत किंवा ज्ञानेश्वरी चालू असते आणि श्रोत्यांचीही गर्दी असते. परंतु वेद, उपनिषदे, दर्शने (म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखा), महाकाव्ये आणि पुराणे यांचा परस्परांशी संबंध काय, कोणता विचार कोणाला उत्तर म्हणून मांडला गेला आणि त्यावर पुढे कोणी आक्षेप घेतले, हे संस्कृत न शिकलेल्या माणसाला क्रमाने समजावून देणारी सोय फार थोडी आहे. नौपाड्यातील एका भाड्याच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी दोन तास भरणारा तीन महिन्यांचा परिचयवर्ग मी नुकताच पूर्ण केला, आणि ही उणीव तो बऱ्याच अंशी भरून काढतो असे माझे मत झाले आहे.

शिकवणाऱ्या बाई संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. वर्गाचा एकच नियम त्यांनी आरंभी सांगितला आणि अखेरपर्यंत पाळला : ज्या मताचे खंडन पाहायचे आहे ते मत, म्हणजे पूर्वपक्ष, आधी इतक्या प्रामाणिकपणे मांडायचे की, ते मानणाऱ्यालाही त्यात खोट काढता येऊ नये. आपल्या भाष्यग्रंथांची रचनाच अशी आहे. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सांख्य, वैशेषिक, बौद्ध आणि जैन या मतांचा परामर्श घेतला आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्य आधी प्रतिपक्षाची बाजू किती तपशिलाने उभी करतात हे दाखवून बाईंनी आम्हांला ती सवय लावली. वेद आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचे विचार आज आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतात, आणि चौदाव्या शतकातील माधवाचार्यांनी आपल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिले स्थान चार्वाकांनाच दिले आहे, ही गोष्टही याच संदर्भात आली. वर्गात कीर्तन करणारे एक गृहस्थ होते, अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते आणि बँकेतून निवृत्त झालेली मंडळी होती. या नियमामुळे कोणाच्याही श्रद्धेला धक्का न लावता मोकळी चर्चा होऊ शकली.

वेदवाङ्मयाला चार शनिवार दिले होते. ऋग्वेदाची दहा मंडले आणि १०२८ सूक्ते ही माहिती कोठेही मिळते, त्यामुळे बाईंनी तिच्यावर वेळ घालवला नाही. त्याऐवजी हे वाङ्मय शतकानुशतके मुखोद्गत कसे राहिले, ते त्यांनी ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेवर प्रत्यक्ष म्हणून दाखवले. पदपाठात शब्द सुटे होतात. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या होतात. जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा असे फिरत जावे लागते. ‘अग्निमीळे पुरोहितम्’ एवढे तीन शब्द या रीतीने म्हणायला लागल्यावर एखादे अक्षर गाळणे किंवा पदरचे घालणे किती अवघड आहे हे आमचे आम्हांलाच कळले. वेदपठणाच्या परंपरेचा युनेस्कोने २००३ मध्ये गौरव केला तो कशासाठी, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

उपनिषदे ही स्वतंत्र पुस्तके म्हणून आपण विकत घेतो, पण ईशोपनिषद हा शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेचा चाळिसावा अध्याय आहे आणि बृहदारण्यक हा शतपथ ब्राह्मणाचा शेवटचा भाग आहे. त्यांचा मूळ ठिकाणा कळला की यज्ञकर्माच्या चर्चेतूनच आत्मविचार कसा वर येतो हे दिसू लागते. गार्गीचा प्रसंग आम्ही मूळ वाक्ये समोर ठेवून वाचला. हे सगळे पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे, असे विचारत गार्गी एकेक लोक ओलांडत ब्रह्मलोकापर्यंत जाते आणि याज्ञवल्क्य तिला अतिप्रश्न करू नकोस, नाहीतर तुझे मस्तक गळून पडेल, असे बजावतात. बहुतेक निरूपणांत गोष्ट येथे संपते. येथे मात्र बाईंनी पुढचे आठवे ब्राह्मणही वाचायला लावले, ज्यात तीच गार्गी धनुर्धराने दोन बाण घेऊन उभे राहावे तशी दोन प्रश्न घेऊन पुन्हा उभी राहते आणि ‘अक्षरा’विषयीचे उत्तर मिळवूनच बसते. मला हा संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाचा तास वाटतो.

दर्शनांकडे वळताना त्यांनी संस्कृत सूत्रांऐवजी ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय उघडला, आणि मराठी वाचकांसाठी याहून चांगले प्रवेशद्वार असेल असे मला वाटत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी मंगलाचरणातच षड्दर्शनांना गणेशाच्या सहा भुजा म्हटले आहे आणि त्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून त्या हातांत वेगवेगळी आयुधे दिली आहेत : तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक. एका हातातील मोडलेला दात म्हणजे वार्तिककारांनी खंडित केलेले बौद्धमत. लहानपणापासून आरतीइतक्याच सहजतेने कानांवर पडलेल्या या ओव्यांत दर्शनांमधील मतभेदांचा इतका नेमका आलेख आहे, हे बाईंनी ओवी थांबवून थांबवून दाखवले. सांख्य आणि मीमांसा ही ईश्वराला जगत्कर्ता न मानणारी दर्शनेही या सहांत मानाने बसतात, कारण तेथे कसोटी वेदप्रामाण्याची, म्हणजे वेद प्रमाण मानण्याची, आहे, हेही त्या ओघात स्पष्ट झाले.

तर्कशास्त्राचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनाचा तास असाच लक्षात राहण्यासारखा आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे पारंपरिक उदाहरण त्यांनी येऊरच्या डोंगरावर नेले आणि प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन ही पाचही अंगे आमच्याकडून मांडून घेतली. पावसाळ्यात येऊरवर दिसतो तो धूर की धुके, अशी शंका एकाने काढताच हेतूच सिद्ध नसेल तर अनुमान कसे कोसळते हे त्यांनी तेथेच समजावले. उलट दिशेने, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. मग चार्वाक विचारतो की, जेथे धूर तेथे अग्नी हा नियम सर्व ठिकाणी आणि सर्व काळी तुम्ही कोठे पाहिलात? त्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, काय म्हणतो आणि कार्यकारणसंबंधाचा आधार घेऊन बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्ती काय म्हणतो, हे ऐकत असताना दोन तास कसे गेले ते कळले नाही. चार्वाक एक प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानतो, सांख्य तीन, न्याय चार आणि कुमारिल भट्टांना मानणारे भाट्ट मीमांसक सहा, ही यादी पुस्तकात कोरडी वाटते. त्या एका धुराभोवती ती सगळी जिवंत झाली.

उत्तरार्ध मात्र इतका कसदार नाही. पूर्वमीमांसेला, म्हणजे वर आलेल्या मीमांसा दर्शनाला, जेमतेम अर्धा तास मिळाला. वाक्याचा अर्थ कसा लावावा याचे जे नियम मीमांसकांनी घडवले, ते ‘मिताक्षरे’सारख्या धर्मशास्त्रावरील ग्रंथांत पदोपदी वापरलेले आहेत, आणि त्यांच्याविना आपल्या शास्त्रग्रंथांचे वाचन अपुरे राहते, एवढ्या महत्त्वाच्या दर्शनाला उरलासुरला वेळ देणे मला पटले नाही. वेदान्ताचा वेगळा अर्थ लावणारे आचार्य रामानुज आणि मध्व यांचा परिचय एकाच बैठकीत उरकल्यामुळे वेदान्त म्हणजे शंकराचार्यांचे अद्वैतच असा समज घेऊन काही जण परतले असतील. अठरा पुराणांपैकी विष्णुपुराणातील पंचलक्षणांचा, म्हणजे पुराणात असावयाच्या पाच विषयांचा, उल्लेख झाला आणि विषय संपला. आगम (शैव, वैष्णव इत्यादी पंथांचे उपासनाग्रंथ) आणि काश्मीर शैवमत यांचे तर नावही निघाले नाही. महाभारतावरील बैठक याला अपवाद ठरली : पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीचे एक पान सर्वांना दाखवून, वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ आणि खाली निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद कसे वाचायचे, हे बाईंनी शिकवले.

छापील टिपणांत अवग्रह (ऽ) आणि स्वरचिन्हे अनेक ठिकाणी गळली आहेत. या विषयात ही त्रुटी किरकोळ नाही आणि संयोजकांनी पुढील तुकडीपूर्वी मुद्रितशोधन करून घ्यावे. चुकलेल्या तासाचे ध्वनिमुद्रण मिळते, पण सभागृहातील पंख्यांच्या आवाजामुळे संस्कृत वाक्ये नीट ऐकू येत नाहीत. म्हणून शक्यतो प्रत्यक्ष हजर राहावे.

टिपणांसह साडेतीन हजार रुपये हे शुल्क मला वाजवी वाटते. संस्कृत येण्याची अट नाही, मात्र देवनागरीतील जोडाक्षरे मोठ्याने वाचण्याची तयारी हवी, कारण बाई प्रत्येकाला वाचायला लावतात. घरी सार्थ ज्ञानेश्वरी असल्यास पाचव्या आठवड्यापासून ती बरोबर न्यावी. १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच असल्याने पूरक वाचनासाठी लांब जाण्याचे कारण नाही. पुढील तुकडी दिवाळीनंतर सुरू होत आहे, आणि या वेळी मीमांसेला स्वतंत्र शनिवार द्यावा अशी लेखी विनंती आम्ही काही जणांनी संयोजकांकडे केली आहे.