फायब्रॉइडच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत इंटरसीड: काही महिन्यांच्या वापरानंतर

फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) काढून गर्भाशय शिवलं की त्या टाक्यांना आतडं, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) किंवा बीजनलिका चिकटू नये, यासाठी आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काही महिन्यांपासून इंटरसीड हे पोटात विरघळणारं कापड वापरतो. कापड उत्तम आहे. पण त्याचा उपयोग होणार की नाही, हे पाकीट फोडायच्या आधीच ठरतं: रक्त पूर्ण थांबलंय का आणि ओटीपोट कोरडं झालंय का.

पोटाचं आतलं अस्तर साधारण 5 ते 7 दिवसांत भरून येतं. कापड ठेवल्यावर 8 तासांच्या आसपास त्याची जेल होते आणि चारेक आठवड्यांत ती शोषली जाते. म्हणजे जखम भरेपर्यंतचे दिवस ते निभावतं. मात्र त्यात रक्त मुरलं की कापड काळं पडतं, आणि मग चिकटण कमी व्हायची सोडून वाढू शकते. काळा डाग दिसला तर वरून दुसरा तुकडा चढवू नका. पहिला काढा, रक्त थांबवा, मगच नवा ठेवा. हे सर्जिसेल या रक्त थांबवणाऱ्या कापडाच्याच जातीचं, ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचं कापड असल्यामुळे रक्त थांबवायला वापरण्याचा मोह होतो. ते त्याचं काम नाही.

फसगत बहुतेक वेळा व्हॅसोप्रेसिनमुळे (रक्तस्राव कमी व्हावा म्हणून गर्भाशयात टोचलेलं, रक्तवाहिन्या आकसणारं औषध) होते. त्याचा असर असेपर्यंत टाके कोरडेठाक दिसतात. त्याखेरीज पोट फुगवायला भरलेल्या गॅसचा 12 ते 14 मिमी (पारा) दाबही बारीक शिरा दाबून धरतो. म्हणून मॉर्सिलेशन (गाठीचे बारीक तुकडे करणं) आटोपून, सगळे तुकडे बाहेर काढून, दाब 8 मिमीपर्यंत उतरवावा आणि काही मिनिटं टाक्यांकडे नुसतं बघत राहावं. याच वेळी शिवायला वापरलेल्या काटेरी धाग्याचं टोकही तपासावं. ते पृष्ठभागालगत कापलेलं नसेल तर आतडं त्यात अडकू शकतं, आणि तिथे कुठलंही कापड वाचवत नाही.

नंतर कोमट रिंगर लॅक्टेटने (सलाइनसारखं द्रावण) धुवा. टेबलाचा डोक्याकडचा उतार कमी केला की यकृताच्या बाजूला साचलेलं पाणी खाली ओटीपोटात येतं. ते पूर्ण ओढून घ्या. शेवटी लिटरभर पाणी पोटात सोडून बंद करायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागते. कापड तरंगून जागा सोडतं.

पूर्ण कापड 7.6 × 10.2 सेंमीचं येतं. अखंड आत घालायच्या भानगडीत पडू नका. जखमेच्या मापाचे तुकडे कापा, कडेने 3 ते 5 मिमी जास्त ठेवून. सिस्टरचे हातमोजे कोरडे हवेत, कात्रीही कोरडी. 10 ते 5 मिमीच्या लांब रिड्यूसरमधून (मोठ्या नळीत बारीक हत्यार घालायची नळी) ग्रास्पर (पकडीचं हत्यार) घाला, तुकड्याची कड धरा, हलकी गुंडाळी करून रिड्यूसरमध्ये ओढून घ्या आणि मग 10 मिमीच्या पोर्टमधून (पोटावरच्या छिद्रात बसवलेली नळी) आत न्या. त्याआधी पोर्टची नळी आतून कोरड्या गॉजने पुसायला विसरू नका. नळीतल्या रक्ताच्या एका थेंबाने गुंडाळी चिकटते आणि तुकडा वाया जातो.

मागच्या भिंतीवरच्या छेदाला चिकटण जास्त होते, त्यामुळे तिथे हात आखडता घेऊ नये. मॅनिप्युलेटरने (योनीमार्गे घातलेलं, गर्भाशय हलवायचं साधन) गर्भाशय पुढे झुकवून मागची बाजू वर आणा, तुकडा एकाच थरात पसरा आणि एक-दोन मिली सलाइनने भिजवा. कापड पारदर्शक होऊन टाक्यांचा उंचसखलपणा त्यातून दिसू लागला की ते बसलं. टाका लागत नाही. मग गर्भाशय सावकाश खाली सोडा आणि मॅनिप्युलेटर पुन्हा हलवू नका. गॅसही हळूहळू सोडा. ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवावाच लागला तर त्याचं टोक कापडापासून लांब ठेवा.

याच कामाचं सेप्राफिल्म हे पातळ पान दुर्बिणीत त्रासदायक वाटतं. कोरडं असताना कडकन मोडतं आणि पहिल्या ओल्या जागेला चिकटतं. ॲडेप्ट हे 4 टक्के आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण वापरायला सगळ्यांत सोपं: शस्त्रक्रिया चालू असताना दर अर्ध्या तासाला किमान 100 मिलीने धुवायचं, शेवटी 1 लिटर आत ठेवायचं. पण पोर्टमधून गळती आणि योनीमुखाला सूज येऊ शकते, आणि काही ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवतात. मधुमेही रुग्णाच्या वॉर्डला हे लेखी कळवलंच पाहिजे.

रुग्णाला खरं तेवढंच सांगा. इंटरसीडने चिकटण कमी होते. दिवस राहण्याची शक्यता वाढते किंवा दुखणं थांबतं, असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतली त्याची मान्यता पोट उघडून केलेल्या स्त्रीरोग शस्त्रक्रियेपुरती आहे, म्हणून दुर्बिणीतल्या वापराची नोंद संमतिपत्रात हवी. संसर्ग असेल तर वापरायचं नाही.

ऑपरेशन नोटमध्ये किती तुकडे, कुठे ठेवले ते लिहा आणि पाकिटावरचं बॅचचं स्टिकर लावा. या जातीचं कापड सीटीत गळूसारखं दिसू शकतं. ताप आलेल्या रुग्णाचा स्कॅन वाचणाऱ्याला ती एक ओळ मिळालीच पाहिजे.