प्राग, बुडापेस्ट की सोफिया? पाडलेल्या स्मारकावर डिसर्टेशन करणाऱ्यांसाठी

दरवर्षी कुणीतरी ज्युनियर विचारतंच, ताई, आर्किटेक्चरच्या डिसर्टेशनला हुकूमशाहीतलं पाडून टाकलेलं स्मारक घ्यायचंय, कुठलं घेऊ? आणि दरवर्षी मला तेच तेच टाइप करावं लागतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी स्वतः प्राग केलंय, त्यामुळे थोडं झुकतं माप तिकडे जाणार, ते आधीच सांगितलेलं बरं.

बहुतेक जण स्टोरी बघून विषय निवडतात. कुठे जास्त ड्रामा झाला, कुठे जास्त डायनामाइट लागलं. पण इमारतच नाही तर ड्रॉइंग कशावरून काढणार? त्यामुळे पहिला प्रश्न हा, की पाडताना काय राहून गेलं. जमिनीवर, फोटोत, कागदात.

प्रागचं घ्या. लेत्ना टेकडीवर स्टॅलिनचा पुतळा, शिल्पकार ओताकार श्वेत्स, आर्किटेक्ट यिर्झी श्तुर्सा आणि व्लास्ता श्तुर्सोवा. १ मे १९५५ ला उघडला, १५.५ मीटर उंच, २२ मीटर लांब, आत काँक्रीट आणि बाहेर ग्रॅनाइटचे ठोकळे, वजन १७ हजार टन. पुढे स्टॅलिन आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंना कामगार, सैनिक वगैरे ओळीने उभे, म्हणून लोक त्याला 'मटणाची लाइन' म्हणायचे. श्वेत्सने अनावरणाच्या आधीच जीव दिला. पुढच्याच वर्षी मॉस्कोत नवा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने स्टॅलिनची लाज काढली, मग एवढं मोठं धूड ठेवायचं कुठे आणि लपवायचं कसं, शेवटी १९६२ च्या नोव्हेंबरात ८०० किलो स्फोटकं लावून उडवलं.

उडवला तो पुतळा. खालचा चौथरा, जिने, टेकडीच्या पोटातल्या खोल्या, सगळं आहे तिथंच. १९९० मध्ये काही दिवस त्या खोल्यांमधून 'रेडिओ स्टालिन' नावाचं विनापरवाना स्टेशनसुद्धा चाललं होतं. १९९१ पासून चौथऱ्यावर एक भलामोठा मेट्रोनोम उभाय आणि खालच्या फरशीवर दिवसभर स्केटबोर्डवाली पोरं, वर तारांवर टांगलेले बूट. मी टेप घेऊन पायऱ्या मोजत होते तर एका पोराने दुसरं टोक धरून दिलं, काय चाललंय असं विचारलंही नाही. म्हणजे इथे तुम्हाला मोजायला खरंच काहीतरी मिळतं. आणि अजून एक गोष्ट, जी फोटो बघून कळत नाही, ओल्ड टाउन स्क्वेअरवरून पार्झिझ्स्का रस्त्यात शिरा आणि नाक समोर ठेवून चालत राहा, रस्ता, मग नदीवरचा चेख पूल, मग पायऱ्या आणि वर मेट्रोनोम, सगळं एका रेषेत. पुतळा गेला तरी अक्ष आहे तिथंच, आणि प्लॅनिंगवर लिहायचं असेल तर हा एकच मुद्दा एक चॅप्टर खाईल.

बुडापेस्टचं उलटं आहे. तिथला स्टॅलिन डिसेंबर १९५१ चा, शिल्पकार शांदोर मिकुश, पुतळा ब्राँझचा ८ मीटर, खाली स्टेजसारखा उंच चौथरा ज्यावर उभं राहून पुढारी परेड बघायचे. जागा करायला रेग्नुम मारियानुम नावाचं चर्च पाडलं होतं, म्हणजे एकाच जागी पाडापाडीचे दोन थर. २३ ऑक्टोबर १९५६ ला, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या उठावात, गर्दीने दोर, ट्रक, गॅस कटर आणून गुडघ्यापाशी कापून खाली पाडला, वर राहिले फक्त बूट. लोकांनी चौकाचं नावच बूट चौक पाडलं. (आपला काळा घोडा कसा १९६५ लाच राणीच्या बागेत गेला पण नाव तिथंच, तसंच काहीसं.)

जागेवर आता १९५६ च्या उठावाचं स्मारक आहे, जुनं मोजायला काही नाही. पण बुडापेस्टची खरी ताकद फोर्टेपान. हा हंगेरियन जुन्या फोटोंचा ऑनलाइन संग्रह, लाखाच्या वर फोटो, नाव दिलं की फुकट वापरता येतात, हाय रिझोल्यूशन. सामान्य लोकांनी काढलेले फोटो असल्यामुळे सगळे अँगल सापडतात, फोटोत माणूस उभा असेल तर त्यावरून स्केल काढता येतं, रस्त्यात पडलेलं स्टॅलिनचं डोकंसुद्धा आहे. युरोपचं तिकीट परवडत नसेल, आणि बहुतेकांना नाहीच परवडत, तर हाच विषय घ्या, घरी बसून होतो. फक्त एक खड्डा लक्षात ठेवा, मेमेंटो पार्कमधले (बुडापेस्टचे जुने कम्युनिस्ट पुतळे जिथे नेऊन ठेवलेत ती बाग) प्रसिद्ध बूट ओरिजिनल नाहीत, ती २००६ ची प्रतिकृती आहे. नेटवर अर्धे लोक ते खरे समजून फोटो टाकतात, तुम्ही टाकलात तर ज्युरीत कुणी ना कुणी पकडणारच.

आता सोफिया. खरं सांगू तर आर्किटेक्चर म्हणून हीच सगळ्यात भारी केस, कारण ही मुळात इमारत आहे, पुतळा नाही. बल्गेरियन कम्युनिस्ट नेता गिओर्गी दिमित्रोव जुलै १९४९ मध्ये मॉस्कोजवळ वारला आणि त्याचं शव ठेवायला गिओर्गी ओव्चारोव आणि राचो रिबारोव यांच्या डिझाइनवर सहा दिवसांत मॉसोलियम उभारलं. सहा दिवस! आपल्याकडे प्लिंथचं काँक्रीट सेट व्हायला एवढे लागतात. समोर जुना राजवाडा, मध्ये परेडचा चौक. १९९० मध्ये शव काढून दहन केलं आणि ऑगस्ट १९९९ मध्ये सरकारने ते पाडायला घेतलं, तर पहिल्या स्फोटात पडलंच नाही, नुसतं कललं. चार प्रयत्न लागले. सहा दिवसांत बांधलेलं पाडायला आठवडा गेला, यावर तिथं अजून जोक चालतात.

प्रॉब्लेम असा की जमिनीवर शून्य. नुसती मोकळी जागा आणि बाजूला बाग. मग सगळा भार कागदांवर येतो, ते बल्गेरियनमध्ये, सिरिलिक लिपीत, आणि गूगल ट्रान्सलेटवर डिसर्टेशन उभं राहत नाही. पण १९९९ म्हणजे अगदी कालची गोष्ट, ते पाडताना बघितलेली माणसं हयात आहेत, कुणाला ओरल हिस्टरी करायची असेल तर सोफियासारखं दुसरं नाही.

म्युनिकचं कुणी ना कुणी काढणारच, म्हणून तेही. क्योनिग्सप्लात्झच्या कडेची ती दोन नाझी 'सन्मान मंदिरं', आर्किटेक्ट ट्रूस्टची, १९३५ ची, अमेरिकनांनी जानेवारी १९४७ मध्ये उडवली, पाये अजून झाडीत आहेत, शेजारी २०१५ चं डॉक्युमेंटेशन सेंटर. साहित्य भरपूर, पण त्यावर आधीच इतकं लिहून झालंय की नवीन काय बोलणार ते आधी ठरवा.

एक चूक मात्र कुठलंही घेतलंत तरी टाळा, मी केलीय. उंचीचे आकडे. एका ठिकाणी नुसत्या पुतळ्याची उंची असते, दुसरीकडे चौथऱ्यासकट, बुडापेस्टचंच बघा ना, कुठे ८ मीटर तर कुठे २५, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मी प्रागच्या सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) १५.५ हा आकडा थेट रस्त्याच्या लेव्हलपासून धरला, अख्खी टेकडीच गिळली. रिव्ह्यूला गाइडने पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आणि विचारलं, हा माणूस जमिनीत का उभाय? रात्रभर बसून चार शीट परत काढल्या.

तर, जाऊन मोजता येणार असेल तर प्राग, जाता येणार नसेल तर बुडापेस्ट. सोफिया तेव्हाच घ्या जेव्हा बल्गेरियन आणि सिरिलिक शिकायची तयारी असेल, आणि लिपीला तरी फार लागत नाही हो, देवनागरीची जोडाक्षरं लिहिणाऱ्याला पंधरा दिवस पुरतात.